घरच्या व्हर्च्युअलायझेशन लॅबसाठी नेटवर्क स्टोरेज: आधी लिखाणाचा वेळ मोजा, मग टेराबाइट

दोन मिनी पीसी (म्हणजे होस्ट), त्यांवर प्रॉक्समॉक्स किंवा ईएसएक्सआय हा हायपरव्हायजर, म्हणजे एका यंत्रावर अनेक आभासी यंत्रं (व्हीएम) चालवणारं सॉफ्टवेअर, आणि त्या व्हीएम ठेवायला चार खणांची नॅस पेटी, म्हणजे नेटवर्कवरून वापरायचं डिस्कचं यंत्र. घरची लॅब बहुतेक अशीच उभी राहते. महिन्याभरात तक्रार सुरू होते: एका व्हीएमवर विंडोज अपडेट चालू झालं की बाकीच्या दहा जागच्या जागी थिजतात. मग रॅम वाढवली जाते, प्रोसेसर बदलला जातो, आणि फरक काहीच पडत नाही. पेटी घेताना खण आणि टेराबाइट मोजले होते. व्हीएमला ज्याची गरज असते, म्हणजे चार-आठ किलोबाइटचं छोटं लिखाण डिस्कवर पक्कं व्हायला किती मिलिसेकंद लागतात, ते कुणी मोजलेलंच नव्हतं.

खालचे टप्पे याच क्रमाने करा. एका टप्प्याचं उत्तर पुढच्या टप्प्याला लागतं, त्यामुळे आठवा टप्पा कागदावर पूर्ण होईपर्यंत काहीही विकत घेऊ नका.

## १. सामायिक स्टोरेज खरंच लागतंय का ते ठरवा

होस्ट एकच असेल तर व्हीएमच्या डिस्क नेटवर्कवर नेण्यात फायदा फारसा नाही. होस्टमध्येच दोन एनव्हीएमई (वेगवान एसएसडी) आरसा पद्धतीने, म्हणजे दोन्हींवर तोच डेटा राहील अशा, लावा आणि नॅस बॅकअपपुरती ठेवा. हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत वेगवान पर्याय आहे.

होस्ट दोन-तीन असले तरी गरज ठरलेलीच असते असं नाही. प्रॉक्समॉक्समध्ये स्थानिक डिस्क असलेली चालू व्हीएमही दुसऱ्या होस्टवर नेता येते. डिस्कची पूर्ण नक्कल होत असल्याने वेळ तेवढा जास्त लागतो. दोन्ही होस्टवर झेडएफएस ही फाइल सिस्टिम असेल तर ठरावीक अंतराने प्रतिकृती पाठवण्याची सोय आहे, मूळ सेटिंग दर १५ मिनिटांचं असतं. होस्ट मेला तर शेवटच्या प्रतिकृतीनंतरचं काम जातं, एवढं मान्य असेल तर तेही चालतं.

सामायिक स्टोरेज खरोखर लागतं ते तीन कारणांसाठी: होस्ट पडल्यावर व्हीएम आपोआप दुसरीकडे उठण्याचा सराव करायचा आहे, मिनी पीसीत दुसऱ्या डिस्कला जागाच नाही, किंवा मल्टिपाथ (स्टोरेजकडे एकाहून जास्त वाटा), लन (नेटवर्कवरून दिलेली डिस्क), डेटास्टोअर (व्हीएम ठेवायची जागा) हेच शिकायचं आहे.

तपासा: ईएसएक्सआयची मोफत आवृत्ती फेब्रुवारी २०२४ मध्ये बंद झाली आणि एप्रिल २०२५ मध्ये ८.० अपडेट ३ई सोबत परत आली. मोफत परवान्यावरचा होस्ट व्हीसेंटर या मध्यवर्ती व्यवस्थापकाखाली घेता येत नाही, म्हणजे व्हीमोशन (चालू व्हीएम दुसऱ्या होस्टवर नेणं) आणि एचए (होस्ट पडल्यावर व्हीएम आपोआप दुसरीकडे उठणं) दोन्ही मिळत नाहीत. त्या दोघांसाठीच नॅस घेत असाल तर आधी परवान्याचा प्रश्न सोडवा.

सावधान: नॅसचीच व्हीएम करून त्याच होस्टला तिच्याकडून स्टोरेज द्यायचा बेत टाळा. होस्ट सुरू होताना स्टोरेज नसतं, आणि स्टोरेज होस्ट सुरू झाल्याशिवाय येत नाही. करायचंच असेल तर डिस्क जोडलेलं एचबीए (डिस्क थेट जोडणारं) कार्ड पूर्णपणे त्या व्हीएमला द्या, तिची रॅम राखीव करा, आणि ती व्हीएम दुसऱ्या, स्थानिक डिस्कवर ठेवा.

## २. कामाचा हिशेब कागदावर मांडा

प्रत्येक व्हीएमची एक ओळ लिहा: नाव, डिस्क किती जीबीची, एका वेळी चालू असणार का, आणि आत काय चालतं. डेटाबेस, मेल सर्व्हर, कुबरनेटीस या कंटेनर चालवणाऱ्या प्रणालीचा ईटीसीडी हा डेटासाठा आणि लॉग गोळा करणारी व्हीएम यांना खूण करा. सतत छोटं लिखाण करणाऱ्या त्याच असतात, आणि ईटीसीडी तर लिखाण उशिरा पक्कं झालं की आपला नेता (मुख्य सर्व्हर) बदलत बसतो.

जागेचा हिशेब उदाहरणाने पाहू. आठ लिनक्स व्हीएम प्रत्येकी २० जीबी म्हणजे १६०, चार विंडोज प्रत्येकी ६० जीबी म्हणजे २४०, एकूण ४०० जीबी. स्नॅपशॉट (व्हीएमची त्या क्षणाची नोंद) आणि क्लोनसाठी निम्मे वाढवा, ६०० झाले. झेडएफएस पूल (एकत्र बांधलेल्या डिस्कची जागा) भरत आला की मोकळी जागा तुकड्या-तुकड्यांत उरते आणि लिखाण मंदावतं. साध्या फाइलींसाठी ८० टक्क्यांची मर्यादा सांगतात. व्हीएमसाठी ६० टक्के धरा, आणि आयस्कझी (नेटवर्कवरून डिस्क देण्याची पद्धत) असेल तर ५०. ६०० भागिले ०.६ म्हणजे १००० जीबी वापरण्याजोगी जागा. बारा व्हीएमच्या लॅबला एवढंच लागतं. चार-चार टीबीच्या चार डिस्कची गरज कुठेच दिसत नाही.

आता लिखाणाची संख्या. सध्या लॅब कुठेही चालत असेल तर लिनक्समध्ये आयओस्टॅट आणि विंडोजमध्ये परफॉर्मन्स मॉनिटर एक दिवस चालू ठेवा आणि सेकंदाला होणारी लिखाणं नोंदवा. सरासरीवर जाऊ नका, ती फसवी असते. सकाळी सगळ्या व्हीएम एकदम सुरू होतात तेव्हाचा आणि अपडेट चालू असतानाचा आकडा घ्या. विंडोजची एक व्हीएम अपडेटच्या वेळी एकटी काही शे आयओपीएस (सेकंदाला होणारी वाचन-लेखनाची कामं) सहज मागते.

## ३. डिस्कची जात आणि रचना ठरवा

७२०० आरपीएमच्या डिस्कचा एक फेरा ८.३ मिलिसेकंदांचा. हेड जागेवर न्यायला साधारण तेवढाच वेळ आणि त्यावर अर्धा फेरा धरला तर सेकंदाला ७५ ते १०० विखुरलेली कामं होतात. डिस्क ४ टीबीची असो की १६ टीबीची, हा आकडा बदलत नाही. सलग फाइल कॉपी करताना तीच डिस्क सेकंदाला दीडशे-दोनशे एमबी देते, आणि खोक्यावर छापलेला वेग तोच असतो. दहा व्हीएम एकत्र चालतात तेव्हा सलग असं काही राहत नाही.

चार डिस्क प्रत्येकी ८० धरून मांडा: कच्चे ३२० आयओपीएस. डिस्क एकत्र बांधण्याच्या रेड १० पद्धतीत प्रत्येक लिखाण दोनदा होतं, उरतात १६०. रेड ५ मध्ये छोट्या लिखाणासाठी जुना डेटा वाचा, पॅरिटी (डिस्क गेली तर डेटा परत काढायची माहिती) वाचा, दोन्ही परत लिहा, अशी चार कामं, उरतात ८०. रेड ६ मध्ये सहा कामं, उरतात पन्नासेक. झेडएफएसच्या रेडझेड या पॅरिटीच्या रचनेत तर पूर्ण गट विखुरलेल्या कामाला साधारण एका डिस्कएवढाच पडतो.

या आकड्यांपुढे दुसऱ्या टप्प्यातला तुमचा आकडा ठेवा. बहुतेकांना इथेच कळतं की व्हीएम फिरत्या डिस्कवर ठेवायच्याच नाहीत. आमची शिफारस ठाम आहे: व्हीएम एसएसडीवर, आरसा जोड्यांत. फिरत्या डिस्क बॅकअप, आयएसओ आणि टेम्प्लेटसाठी. वरच्या उदाहरणाला १.९२ टीबीच्या दोन एसएसडी आरशात, किंवा ९६० जीबीच्या चार एसएसडी दोन जोड्यांत, एवढं पुरतं. दुसरी रचना चांगली, कारण काम दोन जोड्यांत वाटलं जातं.

फिरत्या डिस्क घेताना तीन गोष्टी बघा:

- एसएमआर टाळा. या डिस्कमध्ये पट्टे एकमेकांवर चढवलेले असतात, त्यामुळे थोडा भाग बदलायला मोठा भाग पुन्हा लिहावा लागतो. रेडची पुनर्बांधणी अशा डिस्कवर रेंगाळते, आणि कधी कधी कंट्रोलर डिस्क मेली समजून तिला बाहेर काढतो. २०२० मध्ये वेस्टर्न डिजिटलच्या ‘रेड’ (Red) नावाच्या मालिकेतल्या २ ते ६ टीबीच्या काही डिस्क एसएमआर असल्याचं उघड झालं. त्यांच्या रेड प्लस आणि रेड प्रो, तसंच सीगेटच्या आयर्नवुल्फ सीएमआर (पट्टे एकमेकांवर न चढवलेल्या) आहेत. सीगेटच्या डेस्कटॉप बाराकुडा मालिकेत मात्र बऱ्याच एसएमआर आहेत. मालिकेच्या नावावर थांबू नका, मॉडेल क्रमांक कंपनीच्या यादीत शोधा.
- एकाच दुकानातून, एकाच खेपेतल्या सगळ्या डिस्क घेऊ नका. त्या एकाच वयाच्या असतात आणि आजारीही साधारण एकाच वेळी पडतात.
- टीबी (हजाराच्या पटीत) आणि टिबी (१०२४ च्या पटीत) यांत फसू नका. ४ टीबीची डिस्क सॉफ्टवेअरमध्ये ३.६४ दिसते. डिस्क खराब नाही, मोजण्याची पद्धत वेगळी आहे.

## ४. सिंक लिखाण समजून घ्या

सर्वाधिक लॅब या टप्प्यावर चुकतात, म्हणून इथे जरा थांबू.

व्हीएममधल्या डेटाबेसने एक व्यवहार पक्का केला, तर तो आपल्या ऑपरेटिंग सिस्टिमला म्हणतो, हे आत्ता डिस्कवर लिही आणि लिहून झालं की सांग. ती मागणी हायपरव्हायजरकडे जाते, तिथून नेटवर्कवरून नॅसकडे, आणि नॅस डिस्कवर लिहिते. ‘झालं’ हे उत्तर त्याच वाटेने उलट येतं. उत्तर येईपर्यंत डेटाबेस थांबून राहतो. वाटेतला नेटवर्कचा भाग गिगाबिटवरही मिलिसेकंदाच्या अंशात उरकतो. वेळ जातो तो शेवटच्या पायरीवर, डिस्कपाशी.

फिरती डिस्क इथे आठ-दहा मिलिसेकंद घेते. घरगुती एसएसडीही इथे उघडी पडते. तिचा खोक्यावरचा मोठा आकडा आतल्या रॅममध्ये लिहून ‘झालं’ म्हणण्यातून येतो. खरोखर पक्कं करायला सांगितलं की ती सेकंदाला काही शे ते एखाद-दोन हजारांवर उतरते. सर्व्हरसाठी बनवलेल्या एसएसडीत कपॅसिटर असतात. वीज गेली तरी आतल्या रॅममधला डेटा फ्लॅशवर उतरवण्याइतकी ऊर्जा त्यांत असते, त्यामुळे ती लगेच ‘झालं’ म्हणू शकते आणि ते खरंही असतं. इंटेल डीसी एस३५०० आणि एस३७००, सॅमसंग पीएम८६३ए आणि एसएम८६३ या सर्व्हरमधून निघालेल्या जुन्या डिस्क याच कारणासाठी लॅबमध्ये चालतात. लॅमिंग्टन रोडला किंवा नेहरू प्लेसला अशी डिस्क घेताना स्मार्ट या डिस्कच्या तब्येतीच्या नोंदीतली झिजेची टक्केवारी दुकानातच बघून घ्या. निम्म्याहून जास्त आयुष्य शिल्लक असेल तरच घ्या.

कोण किती सिंक, म्हणजे असं पक्कं होईपर्यंत थांबणारं लिखाण, मागतं, तेही बघा. ईएसएक्सआय एनएफएसवर (नेटवर्कवरून फाइली देण्याची पद्धत) प्रत्येक लिखाण सिंक मागतं. आयस्कझीवर मागत नाही. ‘आयस्कझी वेगवान आहे’ असं जे ऐकू येतं, त्याचं बरंचसं कारण हेच. झेडएफएसवरच्या आयस्कझीत मूळ सेटिंग असेल आणि वीज गेली, तर व्हीएमला ‘झालं’ म्हणून सांगितलेली शेवटच्या काही सेकंदांची लिखाणं डिस्कवर नसतात. तुलना करायची तर झव्हॉलवर (आयस्कझीसाठी झेडएफएसने दिलेल्या डिस्कवर) सिंक ‘ऑलवेज’ ठेवून करा.

पूल फिरत्या किंवा साध्या डिस्कचा असेल आणि सिंक वेगवान हवं असेल, तर झेडएफएसला वेगळी स्लॉग डिस्क (सिंक लिखाण आधी पक्कं करून ठेवणारी) देता येते. तिचा आकार छोटाच लागतो. झेडएफएस साधारण दर ५ सेकंदांनी गठ्ठा डिस्कवर उतरवतं. १० गिगाबिटवर सेकंदाला १.१ जीबी येतात असं धरलं आणि दोन गठ्ठे मोजले, तरी ११ जीबी होतात. १६ जीबी पुरते. कपॅसिटर नसलेली ५०० जीबीची घरगुती एनव्हीएमई स्लॉगला लावणं ही फार दिसणारी चूक आहे. आकार वाया जातो आणि वेग येत नाही.

सावधान: ‘सिंक बंद केल्यावर दहापट वेग आला’ या सल्ल्यावर जाऊ नका. एनएफएसच्या निर्यातीत (नॅसवरून दिलेल्या फोल्डरच्या सेटिंगमध्ये) असिंक लावणंही तेच आहे. झेडएफएस स्वतः शाबूत राहील, पण आतल्या व्हीएमची फाइल सिस्टिम आणि डेटाबेस यांना जे लिहिलं गेलं असं सांगितलं ते तिथे नसेल. ज्या व्हीएम कधीही पुसून नव्याने उभ्या करता येतात, त्यांच्यासाठी वेगळा डेटासेट करून तिथेच सिंक बंद करा.

## ५. पेटी: तयार की जुळवलेली

तयार नॅस घेत असाल तर खरेदीपूर्वी एवढं पडताळा: नेटवर्क कार्डाला जागा आहे का की गिगाबिटवरच अडकाल, रॅम किती वाढते, एम.२ खण फक्त कॅशसाठी आहेत की त्यांवर पूल करता येतो, आणि तुमच्या डिस्क त्या मॉडेलच्या सुसंगत यादीत आहेत का. वाचन-लेखन कॅश लावणार असाल तर दोन एसएसडी आरशात हव्याच. ती कॅश गेली तर मागचा व्हॉल्यूमही जाऊ शकतो. लॅबला तिच्यापेक्षा थेट एसएसडीचा पूल बरा.

स्वतः जुळवणार असाल तर सॉफ्टवेअर ट्रूनॅस किंवा ओपनमीडियाव्हॉल्ट. ट्रूनॅसला किमान ८ जीबी रॅम लागते. व्हीएमसाठी १६ पासून सुरुवात करा, ३२ असेल तर उत्तम, कारण झेडएफएसची वाचनाची कॅश रॅममध्येच असते. एल२एआरसी (रॅममधल्या कॅशमागची दुसरी कॅश) म्हणून एसएसडी लावण्याआधी रॅम वाढवा. एल२एआरसीची सूची ठेवायलाही रॅम लागते, आणि कमी रॅमच्या पेटीत ती उलट आडवी येते. ईसीसी (चुका दुरुस्त करणारी) रॅम मिळत असेल तर घ्या.

डिस्क जोडायला मदरबोर्डचे साटा पोर्ट पुरत नसतील तर एलएसआय ९२०७-८आय किंवा ९२११-८आय हे एचबीए कार्ड घ्या, आयटी मोडच्या (डिस्क रेड न करता थेट दाखवणाऱ्या) फर्मवेअरसह. रेड कार्डाच्या मागे झेडएफएस ठेवू नका. झेडएफएसला डिस्क थेट दिसायला हव्यात. ही कार्डं सर्व्हरच्या जोरदार वाऱ्यासाठी बनवलेली आहेत. साध्या कॅबिनेटमध्ये हीटसिंकवर छोटा पंखा बांधा, नाहीतर विदर्भातल्या मे महिन्यात डिस्क अचानक दिसेनाशा होतील आणि दोष केबलमध्ये शोधत बसाल.

यूएसबीच्या पेटीत डिस्क लावून पूल करू नका. यूएसबीची जोडणी क्षणभर तुटली तरी पूल थांबतो आणि त्यावरच्या सगळ्या व्हीएम थांबतात.

## ६. एनएफएस की आयस्कझी

पहिल्या लॅबसाठी एनएफएस घ्या. व्हीएमची डिस्क फाइल म्हणून दिसते, हलवायला सोपी, आणि प्रॉक्समॉक्समध्ये क्यूकाऊ२ हा डिस्क-फाइलचा प्रकार वापरला तर स्नॅपशॉटही मिळतात. नेहमीची अडचण एकच: ईएसएक्सआय रूट (सर्वाधिकार असलेला वापरकर्ता) म्हणून लिहितं आणि नॅस रूटला साधा वापरकर्ता करून टाकते. डेटास्टोअर जोडलं जातं, पण फोल्डर तयार होत नाही. निर्यातीत त्या होस्टच्या आयपीपुरती रूटची परवानगी द्या, पूर्ण नेटवर्कला देऊ नका.

आयस्कझी शिकायचं असेल तर ईएसएक्सआयवर ते सरळ आहे. व्हीएमएफएस ही फाइल सिस्टिम अनेक होस्टसाठीच बनवलेली आहे. प्रॉक्समॉक्सवर लनवर एलव्हीएम (लिनक्सची डिस्क वाटण्याची पद्धत) करून ते सामायिक म्हणून नोंदवावं लागतं. एलव्हीएम-थिन (लागेल तशी जागा घेणारा प्रकार) सामायिक होत नाही. साध्या एलव्हीएमवर स्नॅपशॉटची सोय प्रॉक्समॉक्स ९ पर्यंत नव्हती आणि तिथेही ती प्रायोगिक म्हणून आली. आयस्कझीसोबत स्नॅपशॉट हवेच असतील तर झेडएफएस ओव्हर आयस्कझी हा प्रकार बघा.

सावधान: एकाच लनवर ईएक्सटी४ (एकाच होस्टसाठीची लिनक्स फाइल सिस्टिम) करून ती दोन होस्टवर एकाच वेळी जोडू नका. दोन्ही होस्ट स्वतःलाच मालक समजून लिहितात. पहिल्या दिवशी सगळं ठीक दिसतं आणि काही दिवसांनी फाइली गायब होतात. हा डेटा परत मिळत नाही.

## ७. नेटवर्क

गिगाबिटवर प्रत्यक्षात सेकंदाला ११० ते ११५ एमबी मिळतात, २.५ गिगाबिटवर २८० च्या आसपास, १० गिगाबिटवर हजाराच्या वर. छोट्या लिखाणाला गिगाबिटही पुरतं. ते अपुरं पडतं ते बॅकअप, क्लोन आणि व्हीएम हलवण्याच्या वेळी, कारण तेव्हा ती एकच वाट भरून जाते आणि बाकीच्या व्हीएमची छोटी लिखाणं रांगेत अडकतात. एसएसडीच्या पूलला २.५ हे किमान समजा.

१० गिगाबिटचा स्वस्त मार्ग म्हणजे सर्व्हरमधून निघालेली एसएफपी+ कार्डं (मॉड्यूलसाठी खण असलेली) आणि दोन-तीन मीटरची डीएसी (दोन्ही टोकांना प्लग बसवलेली तांब्याची) केबल. दोनच यंत्रं असतील तर स्विचही लागत नाही, थेट जोडा आणि दोन्हीकडे वेगळ्या सबनेटचे स्थिर आयपी द्या. तांब्याच्या १० गिगाबिटचं एसएफपी+ मॉड्यूल हाताला भाजेल इतकं तापतं, त्यामुळे स्विचमध्ये शेजारी-शेजारी लावू नका. कार्ड घेताना ड्रायव्हर बघा. मेलॅनॉक्सचं कनेक्टएक्स-३ कार्ड लिनक्सवर चालतं, ईएसएक्सआय ८ मध्ये त्याचा ड्रायव्हर नाही. रिअलटेकच्या कार्डांचा ड्रायव्हरही ईएसएक्सआयच्या मूळ संचात येत नाही, आणि मिनी पीसीत बहुधा रिअलटेकच असतं.

केबलचा दर फार कमी असेल तर ती अॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली असू शकते. टोक सोलून चाकूने खरवडा. आत पांढरट चमक दिसली तर परत करा. शुद्ध तांब्याची कॅट ५ई २.५ गिगाबिटला १०० मीटरपर्यंत चालते. १० गिगाबिटला कॅट ६ ५५ मीटरपर्यंत, त्यापुढे कॅट ६ए.

स्टोरेजसाठी वेगळं व्हीलॅन (त्याच स्विचवर वेगळं केलेलं नेटवर्क) किंवा वेगळी जोडणी ठेवा. प्रॉक्समॉक्सचं क्लस्टर असेल तर कोरोसिंकची (होस्टनी एकमेकांची खबर ठेवण्याच्या सेवेची) वाट स्टोरेजपासून तोडा. त्याला फार कमी लेटन्सी (उत्तर यायचा उशीर) लागते. बॅकअपने वाट भरली की होस्ट एकमेकांना दिसेनासे होतात, आणि एचए चालू असेल तर एकटा पडलेला होस्ट स्वतःला रीबूट करतो. रात्री दोन वाजता ‘कारण नसताना’ रीबूट होणाऱ्या होस्टचं कारण बॅकअपच्या वेळापत्रकात सापडतं.

दोन केबल एलएसीपीने बांधल्या म्हणून एका जोडणीला दुप्पट वेग मिळत नाही. एक प्रवाह एकाच केबलवरून जातो. दोन्ही वाटा वापरायच्या तर आयस्कझी मल्टिपाथ करा, दोन वेगळ्या सबनेटवर.

तपासा: जंबो फ्रेम (मोठी पाकिटं) लावणार असाल तर एमटीयू (पाकिटाचा कमाल आकार) ९००० होस्ट, स्विच आणि नॅस या तिन्ही ठिकाणी हवं. मग होस्टवरून नॅसला ८९७२ बाइटचं, तुकडे न करण्याची अट घातलेलं पिंग पाठवा. ९००० मधून आयपीचे २० आणि आयसीएमपीचे ८ वजा केले की हाच आकडा येतो. साधं पिंग चालतं आणि हे चालत नाही, तर वाटेत एक जागा १५०० वर राहिली आहे. अशा स्थितीत डेटास्टोअर जोडलं जातं, फोल्डर दिसतात, आणि मोठी फाइल कॉपी करायला घेतली की सगळं लटकतं. खात्री नसेल तर १५०० वरच राहा. लॅबमध्ये फरक थोडाच पडतो.

## ८. वीज

घरातल्या इन्व्हर्टरवर लॅब चालते, पण इन्व्हर्टर नॅसला ‘बॅटरी संपत आली, बंद हो’ असं सांगत नाही. त्यासाठी यूएसबी असलेला लाइन-इंटरॅक्टिव्ह यूपीएस घ्या आणि नॅसवर एनयूटी (यूपीएसचे निरोप वाचणारं सॉफ्टवेअर) चालू करा. नॅसने तो निरोप होस्टना पुढे द्यायचा. स्विचही त्याच यूपीएसवर हवा, नाहीतर निरोप पोचणारच नाही. चौकोनी लहरीच्या इन्व्हर्टरवर सक्रिय पीएफसीची एसएमपीएस (पीसीचा वीजपुरवठा) अडखळते, शुद्ध साइन वेव्हचा बरा.

बंद होण्याचा क्रम: व्हीएम, मग होस्ट, शेवटी नॅस. सुरू होण्याचा उलट: स्विच, नॅस, मग होस्ट. होस्ट मिनिटभरात उठतो आणि नॅसला तीन-चार मिनिटं लागतात, म्हणून होस्टवर पहिल्या व्हीएमआधी पाच मिनिटांचा विलंब ठेवा.

वीजबिलही मोजा. ४५ वॉटची पेटी महिन्याला ३२ युनिट खाते. महावितरणच्या घरगुती दरात १०० आणि ३०० युनिटला टप्पा बदलतो, त्यामुळे हे ३२ युनिट तुम्हाला वरच्या दरात ढकलतात का ते जुन्या बिलावरून बघा.

## ९. जुळवणी आणि चाचणी

सामान आलं की क्रम असा ठेवा.

१. रॅमची चाचणी रात्रभर.

२. प्रत्येक फिरत्या डिस्कची बॅडब्लॉक्सने पूर्ण लिहून-वाचून तपासणी. ४ टीबीला अडीच दिवस लागतात, लागू द्या. सुरुवातीला मरणारी डिस्क इथेच मरते, परत करण्याच्या मुदतीत. आधी आणि नंतर स्मार्टमधले ५, १९७ आणि १९८ हे गुण बघा, शून्याहून वर गेले तर डिस्क परत. १९९ वाढत असेल तर आधी साटा केबल बदला.

३. पूल करा. आरसा जोडीतल्या डिस्कचे अनुक्रमांक कागदावर लिहून खणांवर चिकटवा. पुढे डिस्क बदलताना चुकून चांगली डिस्क ओढली जाते ती इथे आळस केल्यामुळे.

४. आयपर्फ३ ने फक्त नेटवर्क मोजा. गिगाबिटवर ९४० मेगाबिट, २.५ वर २.३५ गिगाबिट, १० वर ९.४ यायला हवेत. कमी आले तर डिस्कला हात लावू नका, नेटवर्क दुरुस्त करा.

५. एका चाचणी व्हीएममधून एफआयओ (डिस्कचा वेग मोजणारं साधन) चालवा: ४ किलोबाइटचं विखुरलेलं लिखाण, प्रत्येकानंतर एफसिंक (पक्कं करण्याची मागणी), रांग एकची (एका वेळी एकच काम). मग ७० टक्के वाचन, ३० टक्के लिखाण, रांग १६ ची. चाचणीची फाइल नॅसच्या रॅमपेक्षा दुप्पट मोठी ठेवा, नाहीतर तुम्ही नॅसची रॅमच मोजाल. पाच-दहा मिनिटं चालवा, कारण घरगुती एसएसडीचा सुरुवातीचा वेग तिची कॅश भरेपर्यंतच टिकतो.

निकाल वाचताना सरासरी सोडून ९९ व्या शतमानाची लेटन्सी (शंभरातली ९९ कामं त्याच्या आत उरकली असा वेळ) बघा. ५ मिलिसेकंदांखाली असेल तर छान. १० ते २० मध्ये लॅब चालते, पण जड वाटते. ईएसएक्सटॉप या ईएसएक्सआयच्या मोजमाप-साधनात डीएव्हीजी (डिस्कचा सरासरी उशीर) २५ मिलिसेकंदांच्या वर रेंगाळत असेल तर मागे, तिसऱ्या-चौथ्या टप्प्यावर जा.

६. आता मोडून बघा. चाचणी व्हीएम चालू असताना आरशातली एक डिस्क काढा: पूल चालू राहायला हवा आणि ईमेलने सूचना यायला हवी. नेटवर्क केबल तीस सेकंद काढून परत लावा. लिनक्स व्हीएमच्या लॉगमध्ये प्रक्रिया १२० सेकंदांहून जास्त अडकल्याची नोंद किंवा फाइल सिस्टिम फक्त वाचनापुरती झाल्याची ओळ दिसली, तर स्टोरेज परत येऊनही ती व्हीएम सावरलेली नाही. मल्टिपाथ केलं असेल तर एक केबल काढून पंधरा मिनिटं काम करा. शेवटी यूपीएसचा प्लग भिंतीतून काढा आणि बंद होण्याचा पूर्ण क्रम घड्याळ लावून बघा.

तपासा: सूचनेचा ईमेल खरंच आला का? पूल सहा महिने एका डिस्कवर चालतो आणि कुणाला पत्ता नसतो, असं होतं ते या एका सेटिंगमुळे.

## १०. व्हीएम हलवा, पण बॅकअप आधी

पहिल्या आठवड्यात दोन बिनमहत्त्वाच्या व्हीएम न्या. डेटाबेसवाली सर्वांत शेवटी. जुनी डिस्क महिनाभर पुसू नका.

त्याच पूलवरचे स्नॅपशॉट हा बॅकअप नव्हे. पूल गेला की तेही गेले. प्रॉक्समॉक्स बॅकअप सर्व्हर दुसऱ्या यंत्रावर ठेवा, जुना पीसी आणि एक मोठी फिरती डिस्क पुरते, आणि महिन्यातून एकदा कोणतीही एक व्हीएम बॅकअपमधून खरोखर उठवून बघा. पूलची स्क्रब (सगळा डेटा वाचून तपासणं) महिन्याला एकदा लावा, बॅकअपच्या रात्री नको.

नॅसचं कुठलंही पोर्ट राउटरमधून इंटरनेटवर उघडू नका. २०२२ मध्ये डेडबोल्ट नावाच्या खंडणी-सॉफ्टवेअरने इंटरनेटवर उघड्या असलेल्या क्यूनॅप कंपनीच्या नॅस पेट्या गाठून त्यांतल्या फाइली कुलूपबंद केल्या होत्या. बाहेरून लॅब हवी असेल तर वायरगार्ड (व्हीपीएन) लावा, आणि राउटरमधली यूपीएनपीची सोय बंद असल्याची खात्री करा, कारण काही पेट्या तिच्याकरवी स्वतःच पोर्ट उघडून घेतात.